बाविसाव्या मजल्यावरची काकडी

मुलुंडच्या नर्सरीत बिलाच्या रांगेत माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या एका हातात क्रोटनची कुंडी होती, दुसऱ्यात बियांचं पाकीट.

"मथुरा, खिडकीच्या ग्रिलमध्ये जागा एकाच कुंडीची. शोभेचा क्रोटन लावू, नाहीतर ही बिनमाशीची काकडी. या जातीला मधमाशी लागतच नाही, म्हणे."

"दोन्हीत माझा काकडीचा वेल जातोच ना, चंदू? आईकडचं बी आहे रे ते."

"पण काकडी धरतेय कुठे? नुसती फुलं येतात नि गळतात. बाविसाव्या मजल्यावर माशी येणार कशी?"

"थांब, तेजलचा व्हिडिओ कॉल आहे. बोल गं."

"आई, मधमाशी आलीय! आपल्या वेलावर!"

"गांधीलमाशी असेल."

"नाही हो पप्पा. बघा, फुलातून निघाली. पायांना पिवळं लागलंय."

"अगं मथुरा, खरंच की! आपली लिफ्टसुद्धा तिथवर रडत जाते गं."

"आणि ही एवढ्याशा पंखांवर आली! तेजल, आधी गॅस बंद कर. कुकरची शिट्टी व्हायला नको."

"केला. आई, आता ती देठाशी इवलीशी काकडी असलेल्या मादी फुलाकडे चाललीय."

"बाई गं! हलू नकोस तू."

"साहेब, क्रोटनचं बिल करू?"

"श्श! बसतेय ती. आणि ही कुंडी नि हे पाकीट, दोन्ही ठेवून घ्या परत."