काळ्या चौकटीतला शातमान

...नाही पण मला सांगा, जिवंत माणसाच्या फोटोला कोणी काळी चौकट घालतं का? घातली! माझ्याच नातीनं घातली! आणि वर म्हणते, "आजोबा, नजर खिळते हो!" खिळणारच की! तरी मी म्हणत होतो, पोरीला दातांची डॉक्टर करा! पण नाही. बिश्केकचं खासगी विद्यापीठ, माझ्या दोन घोड्या त्याच्या फीमध्ये गेल्या, आणि बेगायीम शिकते काय, तर जाहिरात आणि जनसंपर्क! म्हणजे काय गं? तर म्हणे, "ज्याचं नाव बिघडलंय त्याचं सुधारून द्यायचं." म्हटलं, अगं मग माझंच घे की!

कारण तुम्हाला सांगतो... शातमान हे नाव बिघडलं वीस वर्षांपूर्वी. आमच्यात माणूस गेला की पुरुष घोडा उधळत, मोठ्यानं रडत दारात येतात. मी आपली गंमत म्हणून नदीपलीकडे निरोप धाडला, शातमान गेला! तर कासिमकुल, माझा बालमित्र, भरल्या ताटावरून उठून "अरे माझ्या भावा रे!" करत आला, आणि मी दारात कुमिस, आपलं घोडीचं आंबवलेलं दूध, पीत बसलेला. वर म्हटलं, "जरा वरच्या पट्टीत रड, ऐकू येईना!"... वीस वर्षं बोलला नाही हो. आता डॉक्टर म्हणतो हृदय थकलंय, हिवाळा निघाला तर निघाला. मरायचं तर मरू! पण कासिमकुल रडत आला नाही तर त्या मरणाला काय चव?

तर बेगायीमनं मला घेतलं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला. आधी गावभर विचारून आली, "आजोबा गेले तर याल का?" सगळे म्हणाले, "येऊ की. पण आधी कुणीतरी टोचून बघा." ...दातांची डॉक्टर करा म्हणत होतो! मग म्हणे, मॅडमनी शिकवलंय, शब्द कमी, रंग कमी. दुकानाच्या भिंतीवर हा एवढा माझा फोटो, काळी चौकट, खाली एकच ओळ: "शातमान. या वेळी अगदी खरं." म्हणजे म्हणे, मी सुधारलो! गावानं वाचलं, "म्हातारा पुन्हा चाळे करतोय" म्हणाले आणि दुसरा चहा ओतून घेतला. कुत्रं हललं नाही!

एकटा कासिमकुल आला. पंच्याहत्तरीचा माणूस, घोडा फेसाळलेला, "अरे माझ्या भावा रे!"... आणि मी दारात. या वेळी हातात कुमिस नव्हता, औषध होतं.

"अरे मी नाही रे, पोरीनं..."

त्यानं टोपीनं डोळे पुसले. "शातमान, दोनदा रडलो तुझ्यासाठी. तिसऱ्यांदा जमायचं नाही."

"मग मी मेल्यावर?"

"मरायचंच नाही! आधी मी जाणार. माझ्या दारात येऊन तू दोनदा रडायचंस, वरच्या पट्टीत. मग जा कुठं जायचं ते."

आणि बसला हो! वीस वर्षांनी माझ्या दारात बसून चहा प्याला!

पोरीला पैकीच्या पैकी गुण! मॅडम म्हणाल्या, जाहिरात नेमक्या माणसापर्यंत पोचली! आणि माझं काय? डॉक्टर हिवाळ्यापुरतं बोलतो, आणि कासिमकुल... तुम्हाला सांगतो, परवा मटणाचं हाड फोडताना बघितला, बत्तीसच्या बत्तीस शाबूत! त्याच्यामागं राहायचं म्हणजे मला अजून पंधरा वर्षं तरी चावायला हवं, आणि तोंडात उरलेत तीन... तरी मी म्हणत होतो, पोरीला दातांची डॉक्टर करा!