रुस्ताकचा बिल्ला

२०१४ च्या हिवाळ्यात मी मुलाकडे मस्कतला होते. रुस्ताकच्या किल्ल्यावर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे कुडाळकडचं एक जोडपं उभं होतं. बाईंच्या काठीवर ओमानमधल्या किल्ल्यांचे पितळी बिल्ले ठोकलेले होते.

“हा रुस्ताकचा बिल्ला काठीवर कसा आला?” बाईंनी नवऱ्याला विचारलं.

“काल बाजारातून आणला आणि मस्कतला गाला भागातल्या गॅरेजमध्येच ठोकला. तुला सरप्राइज!”

“चढायच्या आधीच? वर जाऊन मगच ठोकायचा, असं ठरलंय ना आपलं?”

“सुगंधा, डॉक्टरांनी जिने बंद सांगितलेत. परवा आपण कायमचे कुडाळला चाललो. आता कधी चढणार तू?”

“आत्ता. उपटा तो.”

“लोक बघतायत.”

“बघू देत. जन्मभर गाड्यांचे नटबोल्ट काढलेत, एक खिळा जड झाला? पक्कड आणा गाडीतून.”

“आणि अर्ध्यावर गुडघा अडला तर?”

“तर बसेन. दम खाईन. पुन्हा उठेन.”

“हट्टीपणाचा बिल्ला मिळतो का बघतो.”

“दोन घ्या, उत्तमराव. तुम्हालाही लागेल. यल्ला, चला, पक्कड!”

जिने झेपणार नाहीत म्हणून मी खालच्या चौकातच बसले. बऱ्याच वेळाने वरच्या कठड्याशी सुगंधाबाई दिसल्या. हातात चप्पल होती, आणि काठीवर बिल्ला ठोकल्याची ठकठक खाली ऐकू आली.

उतरल्यावर आम्ही फोन नंबर घेतले. उत्तमरावांनी पुढे कुडाळला गॅरेज काढलं. सुगंधाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, आता त्या काठीशिवाय चालतात. मी त्या भेटीच्या पुढच्याच आठवड्यात रुस्ताकला पुन्हा गेले आणि बसत-उठत वरपर्यंत चढले.