पांढऱ्याची सुई

चहा राहू द्या, आधी आमच्या पांढऱ्या बोकडाचं ऐका. दुबईला जायची बोकडं न्यायला वारंगा फाट्यावर ट्रक उभा होता, आन् माझा जीव थाऱ्यावर नव्हता. व्यापाऱ्याचा डॉक्टर गोठ्यात एकेक बोकड तपासून राहिला होता.

"कोणाला सुई दिली का? औषध मटणात उतरतं. तसला बोकड परदेशी चालत न्हाई."

मी म्हणलं, "एकालाबी न्हाई."

तेवढ्यात बायको पांढऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणली, "याला काल दिली."

डॉक्टरनं पांढऱ्याला बाजूला काढलं.

ट्रक गेल्यावर मी तापलो, "काहून? सुई दिली कोणी?"

"कोणीच न्हाई," ती त्याला भाकर चारत म्हणली.

तवापासून डॉक्टर कधीबी येऊ द्या, पांढऱ्याला आदल्या दिवशी सुई झालेलीच असती.