खेकडे सोलून देऊ नका

हॅलो? हॅलो, विदाद? अगं, आई बोलतेय… नाही नाही, सगळे बरे आहेत. बाबाही बरे आहेत… अगं ऐक ना! घरी कासव आलंय… हो, समुद्रातलं. थाळीएवढं पिल्लू. माझ्या कपडे भिजवायच्या टबात बसलंय.

कुणी आणलं म्हणजे? तुझ्या बाबांनीच!… जाळ्यात गुरफटलं होतं, अगदी निपचित पडलेलं. बंदरावर कुणी बघू नये म्हणून ओल्या फडक्यात लपवून आणलं… आता मान वर करतंय, पण खात काही नाही गं. पाव दिला, सॅलडची पानं दिली… बरं, बरं, ओरडू नकोस. नाही देत पाव.

खेकडे? तेच तर चाललंय. सकाळपासून खेकडे फोडून, आतलं मऊ मऊ काढून तुझे बाबा भरवायला बघतायत. तू लहान असताना तुला भरवायचे ना, तस्संच… काय? सोलायचे नाहीत?… थांब. अहो, विदाद म्हणतेय, खेकडे सोलू नका!… अगं, ते म्हणतायत, एवढ्याशा जिवाला कवच फुटेल का?… हं… हं… म्हणजे आधी भर समुद्रात जेलीफिशसारखं मऊ खायचं, आणि इकडे उथळ पाण्यात आलं की तळाचे खेकडे, शंख फोडायला शिकायचं?… त्याचं त्यालाच शिकू द्यायचं. ऐकलंत का हो?

नाही, ते फोनवर नाही येत… अगं, ईदपासूनचा राग तो. तू बंदरावर सगळ्यांदेखत ‘जाळ्यातली कासवं सोडा’ म्हणालीस, तेव्हापासून लोक त्यांना ‘कासवांचे व्याही’ म्हणतात… तुझं बरोबरच होतं गं, पण… थांब, थांब! जिवंत खेकडा सोडलाय टबात… नुसतं बघतंय… मान पुढे केली… अगंबाई! कडकन फोडला! ऐकलंस? अख्खा फोडला! आणि तुझे बाबा बघ, पोरासारखे हसतायत…

हो, उद्या स्फाक्सहून तुमच्या कासव-केंद्राचा माणूस पाठव, म्हणजे… काय हो?… विदाद, ऐक. ते म्हणतायत, कुठल्या माणसाबिणसाच्या हाती देणार नाही. तुझ्याच हाती देणार… अगं खरंच! मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही… रडतेस काय वेडाबाई? सकाळची बोट पकड… हो, जेवायलाच ये… काय हो आता?… विचारतायत, राहणार आहेस ना?…

राहणार म्हणतेय हो!… ठेवते गं.