उदारामची साक्ष

— नाई जी पास्टरजी, आत नका जाऊ. झोपले हायेत चेतनाचे बाबा. बसा ना, इथंच खाटेवर बसा, गाडी राहू द्या तिथंच सावलीत. सभा तं दुपारची हाये ना चिचगडले? मंग, वेळ हाये अजून. पडले ते. सकाळी बोडीच्या पाळीवरून घसरले, तळ्याचा काठ ओला होता, डोस्क्याले लागलं थोडं — थोडंच. अन् माह्या डोळ्याकडे असं नका पाहू, रडून नाई राहिली मी, मिरच्या कांडत होती, हात डोळ्याले लागला. लुगड्यावरचं? तेही मिरचीचंच. मिरचीचा डाग असा पडते का असं विचारून राहिले? पडते जी. ओल्या मिरचीचा पडते. पाणी आणू का? नको? बरं.

येतील ते, साक्षीले, देवानं कसं बदलवलं ते चारचौघात सांगायले, ते कधी नाई म्हणतात का? तुमी फोनवर सांगितलंच होतं, यावेळी छत्तीसगडकडचेही लोक येऊन राहिले, मांडव मोठा हाये, उदारामभाऊ बोलतील अन् शकुंतलाबाई बाजूले उभ्या राहतील. उभंच राहायचं ना मले? बोलायचं तं नाई. मागं सौंदडच्या सभेलेही उभीच होती. त्यायनं माह्या तोंडाकडे बोट दाखवलं — हा दात मी पाडला, पितळी लोटा फेकून मारला होता — अन् मी तोंड उघडून दाखवलं, काऊन की समोरच्या बायायनं माना लांब केल्या होत्या. पाहतीलच ना. बैल घ्यायले गेलं तं आपणही दात पाहतोच. मंग हालेलुया झाला, टाळ्या झाल्या, एक म्हातारी येऊन त्यायच्या पाया पडली. माह्या नाई पडली. माह्या कायले पडन? मी कुठं बदलली होती, माहा दात तं तसाच पडलेला.

नाई, खोटं नाई सांगत, माणूस बदलला. ते मी कोणालेही सांगन. बाप्तिस्मा घेतल्यापासून त्यायनं माह्यावर हात नाई उचलला, शिवीसुद्धा नाई. आधी? आधीचं काय सांगू, सगळ्या मंडळीले पाठ हाये ते. दारू पिऊन मारत असते तं समजून घेतलं असतं मी, दारूवर ढकलून दिलं असतं — पण हा माणूस शुद्धीत मारे जी. जेवून, हात धुवून मारे. आज्या-पणज्यानं माती उचलू उचलू ही बोडी बांधली, तो जोर हातात तसाच उतरलेला, अन् तो जोर घालायले घरात मीच. मंग तुमी आले, यायले त्याच बोडीत बुडवलं, मलेही बुडवलं, एकाच दिवशी. तो वर आला तो गाय होऊन. वीरेंद्रनं, माह्या चुलत दिरानं, वावराले पाणी आधी कोणाचं यावरून याले बोडीच्या पाळीवर लोळवू लोळवू लाथा घातल्या, तोंड फोडलं — तं यानं हात जोडले. सारा गाव पाह्यले आला होता. उदारामनं हात जोडले म्हणे. वीरेंद्रच घाबरून पळाला.

अन् मी वर आली ते काय होऊन आली? ते नाई विचारलं कोणी. तुमीही नाई विचारलं जी. मी सांगते. भेव होता ना माह्यात, इतक्या वर्षांचा, तो गेला. त्याची सायकल वाजली का मी भिंतीले चिकटत जाय, ते सुटलं. मले वाटलं हेच ते, हेच तुमी सांगता ते. अन् भेव गेला तं त्याच्या खाली काय होतं माहीत हाये? राग. एवढा राग, मलेच माहीत नव्हता. भेवाले राग करता येत नाई ना, भेवाले फक्त अंग चोरता येते. आता मोकळी झाली तं भाकर थापता थापता वाटे का हा तवा याच्या तोंडावर ठेवावा, जसा यानं माह्या पाठीवर ठेवला होता. प्रार्थनेत डोळे मिटले का हेच दिसे. म्हणून मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करते, तुमी एकदा टोकलंही होतं.

तुमी शिकवलं ना, तारण म्हणजे पापातून सुटका, ते एका दिवसात होते पण पवित्रीकरण जन्मभर चालते. पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं. बियाण्याचा धान कसा वेगळा काढून ठेवतो आपण, घरात उपास पडला तरी त्याले हात लावत नाई, तो पेरायचाच असते — तसं देवानं माणसाले वेगळं काढलं. लय आवडलं होतं मले ते. या घरात बियाण्याची कोठी मीच राखते, मले समजलं ते. पण त्या कोठीत तुमी फक्त यालेच काढून ठेवलं का जी? मी काय खायचा धान हाये? याची साक्ष व्हायची तं माह्या अंगावरचा मार लागते. एका रविवारी दात, एका रविवारी तवा. तो सांगायलेही शिकला, कुठं थांबायचं, कुठं आवाज बारीक करायचा. बाया रडत. अन् शेवटी म्हणायचा, प्रभूनं मले माफ केलं. हाव, केलं असन. मी कुठं नाई म्हणते. पण मार मी खाल्ला ना पास्टरजी? माफी परस्पर वरूनच कशी झाली? मले तं कोणी विचारलं नाई. त्यानं नाई, तुमी नाई. एकदा तरी, चुलीपाशी बसून, लोकं नसतानी — नाई.

बसा जी, कुठं उठून राहिले. कण्हले तं कण्हू द्या. कण्हून राहिले म्हणजे बरंच हाये.

मागच्या रविवारी त्यानं लेकराचं सांगितलं. तुमी होतेच. चेतनाच्या नंतरचं, पोटातलं, लाथेनं गेलं ते. पास्टरजी, ते मी माह्या मायले नाई सांगितलं. माय मेली तरी नाई सांगितलं. दाईले म्हटलं विहिरीवर पडली. ते एक माहं होतं, माह्याजवळ होतं, झाकून ठेवलेलं — अन् यानं माइक हातात घेऊन सगळ्यायले वाटून टाकलं. तुमी म्हणाले, किती धाडसाची साक्ष. चेतना मागं बसली होती, तिले तिथं समजलं का तिले भाऊ होता. तेव्हापासून बोलत नाई पोरगी माह्याशी. त्याच्याशी बोलते.

अन् आज सकाळी. मी मिरच्या कांडून राहिली होती, तो या खाटेवर बसून तयारी करून राहिला होता, ओठातल्या ओठात, हात हलवून. मंग थांबला. मले वाटलं पाणी पाहिजे. तं म्हणते, शकुंतला, ते लेकरू कार्तिकात गेलं होतं का मार्गशीर्षात? म्हटलं, कायले पाहिजे? म्हणे, साक्षीत चुकीचं नको सांगायले, आता मी खोटं बोलत नाई.

हाव. मुसळानं. पाळीवरून नाई पडला तो. तुमाले समजलंच होतं ना, मंग कायले मिरचीचं विचारलं?

पहिला खांद्यावर बसला. तो उठला अन् त्यानं हात उचलला — तोच हात, तसाच, मागं नेऊन. मले ओळखीचा हाये तो. अन् मी अंग नाई चोरलं, मी वाट पाह्यली. मार म्हटलं, मार ना, मंग आपण बरोबरीचे होऊ. तो हात हवेतच राहिला जी. मनगटाच्या शिरा फुगल्या, दात खाऊन राहिला होता तो, कपाळावर घाम — अन् हात खाली नाई आला. मले कळलं, हे खरं हाये. तुमच्या मांडवात दिसते ते नाई, हे. त्या हाताले अडवायले त्याले रोज किती जोर लागत असन, ते मले त्या घडीले दिसलं. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मी मुसळ टाकूनच देणार होती. देवाशपथ टाकणार होती.

तं म्हणते, प्रभू, हिले माफ कर.

मले. मले माफ कर म्हणे.

दुसरा डोस्क्यावर बसला. तो पडला तरी मी उभीच होती मुसळ धरून, अजून मारलं असतं, रगत पाहून थांबली असं नका समजू, रगत माह्या ओळखीचं हाये. हात थकला म्हणून थांबली. मंग लुगडं फाडून बांधलं, मांडीवर घेतलं, अन् त्याच्या कानात सांगितलं — देवाले नको, एकदा मले विचार. देवाले मंग विचारजो, आधी मले विचार. त्यानं डोळे उघडले. माह्याकडे पाह्यलं, चांगलं पाह्यलं, अन् म्हणे, काय विचारू?

खरंच नाई समजलं त्याले. नाटक नाई, तो आता नाटक करत नाई. इतका बदलला माणूस, मार खाऊन हात जोडते, शत्रूसाठी प्रार्थना करते, अन् हे नाई समजलं. अन् मंग डोळे मिटता मिटता म्हणे, शकुंतला, हेही माह्या पवित्रीकरणासाठीच हाये. माहं मुसळही त्याचंच झालं जी. शुद्धीवर आला का हेही सांगन तो मांडवात, अन् लोकं टाळ्या वाजवतील.

नाई, पोलीस-बिलिस तुमाले वाटन ते करा, मी कुठं पळून नाई राहिली. अन् लेकरू गेलं तो महिना मले माहीत हाये. त्या दिवशी कोणत्या बांधीत धान कापून राहिली होती तेही माहीत हाये. त्याले नाई सांगितला, तुमालेही नाई सांगणार, विचारू नका.

गाडी दरवाज्याले लावा. चिचगडले नाई, सडक अर्जुनीले, दवाखान्यात. डोस्कं मी धरते, हलू नाई द्यायचं. तुमी काय करून राहिले? डोळे उघडा जी पास्टरजी. प्रार्थना मंग करा. पाय धरा त्याचे.