सगळ्यांना गेलेलं कार्ड

बाई: ...म्हणून म्हटलं, तुमचं दुकान बंद व्हायच्या आत भेटून जावं. ही फुलं कुठे ठेवू?

बूटवाले: बंद? अहो, मी जेवायलासुद्धा दुकान बंद करत नाही. बसा. टाच झिजली का पुन्हा?

बाई: टाच ठीक आहे. निरोप द्यायला आलेय.

बूटवाले: कुठे निघालात?

बाई: मी नाही हो, तुम्ही. असं काय करता काका, कार्ड पाठवलंत ना सगळ्यांना?

बूटवाले: ते दरवर्षीचं. पाय बदलतो, येऊन माप देऊन जा, एवढंच असतं त्यात. यंदाचं तर अजून लिहायचंय. माझी लेक छकू लिहिते ते, पण सवड नाही म्हणाली.

बाई: मला कालच आलं. हे बघा.

बूटवाले: अक्षर बारीक आहे. तुम्हीच वाचा.

बाई: 'सप्रेम नमस्कार. तुमच्या पावलांनी मला आयुष्यभर पोसलं. आता हात थकले. या महिनाअखेरीला मी काम थांबवतो आहे. तुमच्या पायांचे साचे चौकातल्या नव्या दुकानात माझी मुलगी आणि जावई जपून ठेवतील. माझ्यावर टाकलात तसाच विश्वास त्यांच्यावर टाका.' खाली तुमची सही.

बूटवाले: सही कशी आहे?

बाई: तुमचीच की. शेवटी लांब रेघ ओढता तशी. काका, तुम्हाला ठाऊक नव्हतं का?

बूटवाले: ठाऊक होतं. म्हणजे, छकू इतक्यात पोस्टात टाकेल असं वाटलं नव्हतं.

बाई: मी वाचून रडले. शाळेत मला लंगडी म्हणायचे. तुमच्या बुटांत सरळ चालत वॉर्डात शिरले आणि सरळ चालत नोकरीतून बाहेर पडले. एकाही पेशंटला कळलं नाही की माझा एक पाय आखूड आहे.

बूटवाले: उजव्याला तळ जरा जाड लावायचा. साधं काम ते.

बाई: औषधवालेही सकाळी येऊन गेले म्हणे.

बूटवाले: आले होते. माझा हात हातात घेऊन नुसते उभे राहिले. मला वाटलं, त्यांचंच घरी काहीतरी बिनसलंय. मीच त्यांची समजूत काढून पाठवलं.

(बाई जातात. ऊन कलल्यावर छकू दुकानात येते.)

छकू: बाबा, फुलं कोणी आणली?

बूटवाले: नर्सबाईंनी. माझ्या निरोपाची आहेत.

छकू: बाबा...

बूटवाले: बस. ते स्टूल ओढ. शाळेत असल्यापासून त्याच्यावर बसून पत्ते लिहायचीस. माझ्या हाताला चामड्याची सवय, पेनाची नाही. म्हणून सही करायलाही मीच शिकवलं तुला. इथे वळण दे, इथे रेघ ओढ.

छकू: मी सांगणार होते तुम्हाला.

बूटवाले: औषधवाले सकाळी निरोप देऊन गेले, त्यांच्यानंतर?

छकू: रविवारी घरी येऊन बोलायचं ठरवलं होतं. वाटलं होतं, कार्डं पोचायला आठवडा तरी जाईल.

बूटवाले: यंदा पोस्टानं काम चोख केलं म्हणायचं. जावयांनी सांगितलं का लिहायला?

छकू: नाही. ते मागे लागले होते, आधी बाबांशी बोल म्हणून. मीच लिहिलं.

बूटवाले: त्यांच्यावर ढकलायचं होतंस. मला जरा सोपं गेलं असतं.

छकू: किती वेळा विषय काढला मी. दर वेळी तुम्ही शिलाईचं मशीन सुरू करायचात.

बूटवाले: ते बंद कुठून होतं हे तुला माहीत होतं.

छकू: तुमच्यासमोर मला बोलणं जमत नाही. कधीच जमलं नाही.

बूटवाले: 'हात थकले' हे कोणाचं? मी कधी म्हणालो असं?

छकू: हात नाही बाबा, डोळे. पण डोळे लिहिलं असतं तर लोक आधीचे बूट उलटेपालटे करून बघत बसले असते.

बूटवाले: माझ्या डोळ्यांना काय झालंय?

छकू: बेकरीवाल्या आजी आठवतात?

बूटवाले: न आठवायला काय झालं. साखर आहे त्यांना, पायाला काही कळत नाही. लेकाकडे राहायला गेल्या ना? तूच म्हणालीस.

छकू: नाही गेल्या. इथेच आहेत. तुम्ही शेवटचे दिलेत त्यातल्या डाव्या बुटात खिळ्याचं टोक वर आलं होतं. टोचत होतं ते त्यांना कळलंच नाही. जखम चिघळत गेली. अंगठा काढावा लागला.

बूटवाले: डावा.

छकू: हो.

बूटवाले: आत हात फिरवून बघतो मी. प्रत्येक बुटात बघतो.

छकू: त्या दिवशी राहिलं असेल. मी गेले होते त्यांच्याकडे. माफी मागितली.

बूटवाले: कोणाच्या वतीनं?

छकू: तुमच्या.

बूटवाले: म्हणजे तिथेही माझी सही तूच केलीस.

छकू: तुम्ही कोसळला असतात, बाबा.

बूटवाले: असतो. मग उठून त्यांच्या दारात गेलो असतो. त्या काय वाट्टेल ते बोलल्या असत्या, ते ऐकून घेतलं असतं. आणि परत येऊन त्याच दिवशी हातोडी कायमची खाली ठेवली असती. तुला कार्ड लिहावंच लागलं नसतं. माझी चूकसुद्धा तू माझ्याकडे राहू दिली नाहीस, छकू.

छकू: मला भीती वाटायची. रोज दार वाजलं की वाटायचं, आता कोणाचा पाय.

बूटवाले: बरं. आणि या भीतीतून चौकातलं दुकान कसं निघालं?

छकू: ...तेही खरं आहे. जागा चांगली मिळत होती. नुसतं आमचं नाव घालून कार्ड पाठवलं असतं तर कोणी आलं नसतं. बाकीच्या जाहिराती लोक न वाचता कचऱ्यात टाकतात, तुमचं कार्ड फ्रीजवर लावतात. तुमच्या सहीला येतात लोक.

बूटवाले: हे असं तोंडावर बोलली असतीस तर मी स्वतः सही केली असती. वेडीवाकडी आली असती. पण केली असती.

छकू: दुसरं कार्ड पाठवू का? गैरसमज झाला म्हणून?

बूटवाले: आणि लोकांनी काय समजायचं? बापलेकीत फाटलंय, आता बूट कोणाकडे टाकायचे? नको. नर्सबाईंना मी सांगितलंय, मला ठाऊक होतं. कोणी विचारलं तर तेच सांगेन. महिना संपला की कुलूप लावू. साचे घेऊन जा. फळीवर उभे ठेव, ढीग घातलास तर टाचा फुटतात.

छकू: सगळे नेऊ?

बूटवाले: आजींचा सोडून. उद्या सकाळी त्यांच्याकडे जातोय. अंगठा नसला की सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो, बूट वेगळा लागतो. त्यांनी पायाला हात लावू दिला तर माप घेईन. खिळे तू मार.

छकू: मी येऊ बरोबर?

बूटवाले: नको. आता तरी मला एकट्याला जाऊ दे.

छकू: बाबा, मी चुकले.

बूटवाले: हं.

छकू: पहिल्या तारखेला दुकान उघडतोय आम्ही. याल ना?

बूटवाले: गिऱ्हाइकांना सगळ्यांना कार्ड गेलं?

छकू: गेलं.

बूटवाले: मला नाही आलं.

छकू: तुम्हाला कशाला कार्ड लागतं, बाबा. तुम्ही घरचे.

बूटवाले: मलाही तसंच वाटायचं.