म्हातारीच्या शिडीची थाप

...आणि ह्याला म्हणे सोपं म्हणतात! तुम्हाला सांगतो, ह्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर माणसानं कशावरही विश्वास ठेवावा, हवामानखात्यावर ठेवावा, मासळीवाला 'आजचीच आहे' म्हणाला तर त्याच्यावर ठेवावा (मी स्वतः तीस वर्षं तेच म्हणत आलो), पण कडे चढणाऱ्या माणसानं 'सोपं आहे' म्हटलं की ढुंगणाला पाय लावून पळत सुटावं. सपाट जमिनीवरून.

चूक माझीच, ती आधीच कबूल करतो, म्हणजे तुम्हाला मधेमधे खुसखुसायला नको. त्रेचाळीस वर्षांपूर्वी मी थर्झाला एक थाप मारली. थर्झा म्हणजे माझी बायको, तेव्हा नव्हती. आमच्या गावाच्या बाजूला एक कडा आहे, त्याला म्हातारीची शिडी म्हणतात, समुद्रातून निघतो तो पायऱ्यापायऱ्यांनी वर कुरणापर्यंत. मी बावीसचा, नाक हे असं, म्हटलं काहीतरी जबरी सांगितल्याशिवाय ही पोरगी वळून बघायची नाही. ठोकून दिलं, ती शिडी मी एकटा चढून आलोय, दोराशिवाय. तिनं वळून बघितलं. झालं लग्न! आता मला सांगा, लग्न झाल्यावर थाप परत घ्यायची काही सोय असते का? ती सफरचंदाच्या दारूसारखी मुरत जाते. मुलं झाली, त्यांना सांगितली. नातवंडं झाली, त्यांना सांगताना तीत वादळ घातलं.

तर गेल्या मे महिन्यात थर्झा भांडी विसळता विसळता खिडकीबाहेर बघत म्हणाली, ऑक्टोबरात गुडघ्याचं ऑपरेशन, पुढचं कुणी बघितलंय, त्याआधी मला ती शिडी चढायचीय.

"तुझ्याबरोबर," म्हणाली. "तुला काय, पाठच असेल."

मी म्हटलं, हो, पाठ आहे. दुसरं काय म्हणणार? साऱ्या गावाला मी जन्मभर बनवलं, पाद्रीबुवांच्या टोपीत खेकडा ठेवला, पाहुण्यांच्या वाटेवरची पाटी फिरवून त्यांना डुकरांच्या खुराड्यात पाठवलं, त्याची कधी लाज वाटली नाही. पण ही बाई त्रेचाळीस वर्षं ती एकच गोष्ट अभिमानानं सांगत आलीय हो... तिच्या लेखी माझ्या नावावर तेवढा एकच पराक्रम आहे. तोही गेला तर शिल्लक काय, हे नाक?

म्हणून गुपचूप गेलो सिरिल लेटीकडे. सिरिल आमचा जुना पोस्टमन, एकाहत्तर वर्षांचा, कड्यावर पालीसारखा चढतो आणि बोलतोही पालीइतकंच. त्याला खरं काय ते सांगितलं, म्हटलं, मला शिकव बाबा, अगदी बिगरीपासून, एखादा नवशिक्याचा कडा शोधून दे. त्यानं कड्यांच्या चढायांचं पुस्तक काढलं. शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली, खरं म्हणजे शाळेनंच मला सोडलं, पण वाचता येतं मला! सगळ्यात सोप्या चढाईपुढे त्यात लिहिलंय, 'मध्यम'. त्याच्या वरची 'अवघड'. आणि 'फार अवघड' म्हणजे, सिरिल म्हणाला, मावशीला रविवारी घेऊन जावी अशी. ही नावं कुणी ठेवली? तर शंभर वर्षांपूर्वीच्या सभ्य गृहस्थांनी, खिळ्यांचे बूट घालून. त्यांना वाटलं, ह्याच्या पुढे माणूस काही जात नाही. मग माणूस गेला, आणि नावं तिथंच राहिली, तळाशी. आता माझ्यासारख्यानं काय समजायचं?

समुद्रकड्याची आणखी एक उलटी तऱ्हा. डोंगर कसा, खालून दिसतो, त्याला बघून पोटभर घाबरता येतं, घरी जाता येतं. इथं चढायला आधी उतरावं लागतं! तुम्ही उभे गवतावर, खाली नुसता धबाधबा आवाज, आणि सिरिल म्हणतो, उतर, खाली सोपं आहे. उतरलो. वर यायला दीड तास लागला, त्यातला सव्वा तास मी एका खडकाला मिठी मारून होतो. इतका वेळ मी थर्झालाही कधी मिठी मारलेली नाही. आणि ह्याला म्हणे सोपं.

दुसऱ्या खेपेला कपारीत एक पांढरा गलेलठ्ठ पक्षी बसलेला. सिरिल वरून म्हणाला, त्याच्याजवळ जाऊ नकोस. कधी म्हणाला? मी जवळ गेल्यावर! त्या पक्ष्यानं शांतपणे तोंड उघडलं आणि आठवड्याभराचं कुजकं तेल माझ्या छातीवर ओकलं. थर्झानं तो सदरा परसात जाळला आणि विचारलं, कुठं गेला होतास? म्हटलं, देवळात. ती म्हणाली, तरीच.

तिसऱ्या खेपेला मात्र खरंच सोपी जागा सापडली, खोटं कशाला बोलू. रुंद, कलती, उन्हानं तापलेली शिळा, हाताला खडबडीत, बोट ठेवाल तिथं खोबण, आणि खाली वाळू. बर्मिंगहॅमचं एक जोडपं तिथं सराव करत होतं, बाई माझ्याहून थोरली, डोक्यावर केशरी हेल्मेट. माझ्या शेजारून वर जाताना म्हणाली, "आजोबा, गुडघे नका टेकू, इथं कुणी प्रार्थना ऐकत नाही." पण चढलो! बारा हात. वर बसून तुम्हाला सांगतो, मला असं वाटलं की... जाऊ दे, काय वाटलं ते. बरं वाटलं.

पण शिडी बारा हातांची नाही, शंभर हातांची आहे. म्हणून मी बेत आखला. ओहोटीला कड्याच्या पायथ्यानं खडकाखडकांवरून शिडीपाशी जायचं. सिरिल वर कुरणात दोर घेऊन बसेल. आम्ही खाली पेस्टी खायची, म्हणजे आमची मांस-बटाट्याची मोठी करंजी, मग मी कंबर धरून खाली बसायचं, गेली गं माझी कंबर, आणि आल्या वाटेनं परत. शिडी जागच्या जागी, अब्रू जागच्या जागी.

आता भरती-ओहोटीचं आमच्याकडे एक छोटं पुस्तक मिळतं, दाराशी खिळ्याला टांगलेलं असतं. त्यातल्या वेळा हिवाळी घड्याळाच्या. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे, म्हणून एक तास मिळवायचा असतो. पाहुणे नेमके हे विसरतात, खडकावर अडकतात, आणि मी जन्मभर त्यांना होडीत घेताना वर चार शब्द सुनावलेत. मी विसरेन? ओहोटीची वेळ छापली होती साडेदहा. बाजूला पेन्सिलीनं साडेअकरा. मी त्यात एक तास मिळवला, साडेबारा. पेन्सिल थर्झाची होती. तिनं तो तास आधीच मिळवला होता, हे मला कुणी सांगायचं?

बाराला आम्ही पायथ्याशी, पाय पसरून, पेस्टी खात. पाणी वाढताना मला दिसत होतं हो! पण माझ्या हिशेबानं ते उतरत होतं, आणि तीस वर्षं शेवंडांचे सापळे टाकलेला माणूस समुद्राच्या सांगण्यावरून आपला हिशेब बदलत नसतो. दीड वाजला. आम्ही आलो तो खडक दिसेना. थर्झानं पेस्टीचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "हेडली, चूक पाण्याची का रे?"

मी लगेच कंबर धरली. ती म्हणाली, कंबर वर जाऊन धर.

वरून सिरिलचा दोर आला. मी तो थर्झाला बांधला, गाठी मला येतात, आणि ती निघाली. अधू गुडघ्याची बाई! खोबणीत पाय, कपारीत हात, दुखरा पाय मागून हळूच ओढून घ्यायची, मधे एकदा तर वळून निवांत समुद्र बघितला तिनं. मी खाली, बुटात पाणी. मला पोहता येत नाही. कोळ्याला कशाला लागतं? बुडायचं तर उगाच लांबण कशाला.

मग दोर माझ्याकडे आला. पहिल्या पन्नास हातांबद्दल माझी काही तक्रार नाही. मग एक पायरी आली, छातीएवढी उंच, वर धरायला काही नाही, आणि माझे पाय सुरू झाले, शिवणयंत्रासारखे, टकटकटकटक, थांबेचनात. खाली लाट आपटतेय, पाण्यातून एक सील डोकं काढून बघतोय, वरून थर्झा वाकून बघतेय, आणि माझ्या मनात आलं, आता पडलो तर ही म्हणेल, एकदा चढला होता, दुसऱ्यांदा राहिला. म्हणजे थडग्यावरसुद्धा थापच कोरणार की! ते मात्र मला सोसेना.

"थर्झा," मी म्हटलं, "मी ही शिडी कधीच चढलो नव्हतो. खोटं बोललो तुला. त्रेचाळीस वर्षं."

मी डोळे मिटले. आणि मग ऐकू आलं... ती हसत होती.

"पुरे रे," म्हणाली. "मला धीर यावा म्हणून एवढं सोंग? मी पोचले वर. पाय मात्र छान थरथरवतोस हं, अगदी खरे वाटतात."

म्हटलं, अगं खरेच आहेत! ती आणखी हसली. शेवटी सिरिलनं मला सापळ्यासारखा ओढून घेतला. वर पोचल्या पोचल्या, गवतावर पालथा पडूनच, मी म्हटलं, सिरिल, तू सांग हिला. आणि हा मुखदुर्बळ माणूस आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला, की थर्झा, तो खरं सांगतोय, महिनाभर मीच त्याला शिकवत होतो. तिनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सिरिल, ह्याच्या नादाला तू कधीपासून लागलास?" म्हणाली, आणि माझ्या गालाचा मुका घेतला, भर कुरणात, गाईंच्या देखत.

तुम्हाला सांगतो, थापा पचवायला मी जन्मभर शिकलो, खरं बोललेलं कसं पचवायचं ते कुणी शिकवलं नाही.

रविवारी प्रार्थनेनंतरच्या चहाला तिनं सगळ्यांना सांगितलं, माझ्या हेडलीनं बायकोची भीती जावी म्हणून काय काय केलं, भरतीचा तास मुद्दाम चुकवला, अर्ध्या कड्यावर लटकून थरथरला, डोळ्यांतून पाणीसुद्धा काढलं, असा माणूस बरोबर असला की आपल्याला भीती वाटायला सवडच होत नाही. झालं! भजनमंडळातल्या पाचजणी उठल्या, आम्हालाही चढायचंय, पण हेडली बरोबर हवा आणि त्यानं तस्संच करून दाखवायला हवं. पाचहीजणींना मी एकेकीला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. पाचहीजणी हसून हसून लाल झाल्या. एकीनं तर माझी पाठ थोपटली.

येत्या शनिवारी नेमलंय. वेळ ह्या खेपेला थर्झा बघणार आहे, सिरिल दोर आणणार आहे, बायका केक आणणार आहेत, आणि मी काय करायचं, तर नुसतं थरथरायचं... आणि ह्याला म्हणे सोपं. बरं, तालीम तरी करावी लागणार नाही. शनिवारचं नाव काढलं की आत्तापासूनच आपोआप होतंय.